रँसच्या वाटेवर: तोफगोळे आणि काचा

कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावर फ्रान्समधल्या लाँ ते रँस या शहरांतलं अंतर साधारण ६० किलोमीटर. खुणा पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या. माती खडूची, पाऊस पडला की बुटाच्या तळाला थर चढतो आणि उतारावर पाय घसरतो. पंढरीच्या वाटेसारखा जागोजागी चहा इथे नाही. गावात दुकान असेलच असं नाही, बेकरी असली तरी दुपारी बंद. दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं सकाळीच पिशवीत टाकायचं, मुक्काम आधी फोन करून ठरवायचा.

वाट पहिल्या महायुद्धातल्या, १९१७ च्या रणभूमीवरून जाते. नांगराला लागलेले गंजके तोफगोळे शेताच्या कडेला ठेवलेले दिसतात. हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. आतली दारू अजून जिवंत असू शकते.

फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जिथे होत, ते रँसचं कॅथेड्रल १९ सप्टेंबर १९१४ ला जर्मन तोफांनी पेटलं. उत्तर मनोऱ्याला दुरुस्तीची लाकडी परांची होती. आग तिच्यातून छपरात शिरली. छपराचं शिसं वितळून पन्हाळींच्या दगडी तोंडांतून ओघळलं. पश्चिम दाराशी आत उभं राहून भिंतीवरच्या मूर्ती जवळून पाहा: दाराची लाकडं जळताना चुनखडीचा दगड तापून त्यांचे पापुद्रे सुटले आहेत.

याच कॅथेड्रलसाठी २०११ मध्ये इमी क्नोबेल या जर्मन चित्रकाराने रंगीत काचांच्या सहा खिडक्या केल्या. तांबडे, निळे, पिवळे टोकदार तुकडे, मध्ये थोडा पांढरा. ना संत, ना प्रसंग. शेजारीच चित्रकार मार्क शागालच्या १९७४ च्या निळ्या, माणसांनी भरलेल्या खिडक्या असल्यामुळे क्नोबेलच्या काचा अनेकांना भडक वाटतात. आम्हाला वाटत नाहीत. रणभूमीवरून चालत आल्यावर ते तुकडे नुसती नक्षी राहत नाहीत, फुटून विखुरल्यासारखे वाटतात, आणि जर्मन हाताने इथे युद्धाचं चित्र काढलं असतं तर ते नाटकी झालं असतं.

चालणारे बहुधा दुपारनंतर पोचतात आणि काचा मंद बघून हिरमुसतात. या खिडक्या गाभाऱ्यामागे, पूर्वेच्या अंगाला आहेत. एक मुक्काम वाढवा, सकाळी या. इथल्याच संत जोन ऑफ आर्कच्या प्रार्थनाकक्षातल्या २०१५ च्या तीन खिडक्याही क्नोबेलच्याच, त्या चुकवू नका. पुढे सिलरी गावापर्यंतची वाट कालव्याकाठची, सपाट आहे. उशिरा निघालात तरी चालेल.