संप्रेरक, विकर आणि सरांचा प्रश्न

शालेय जीवशास्त्रात विकरे पचनाच्या धड्यात येतात आणि संप्रेरके अंतःस्रावी ग्रंथींच्या. ही दोन प्रकरणे एकमेकांशी जोडून शिकवणारे विज्ञानाचे सर आम्हांला लाभले, हे मी माझे भाग्य समजतो. ‘विकर पेशीत असते, हे ठीक, पण त्याने केव्हा काम करायचे, हे कोण ठरवते?’ हा त्यांचा प्रश्न मला मल्टिपल मायलोमाच्या अभ्यासापर्यंत घेऊन आला. अस्थिमज्जेत प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग.

या रोगावर दिले जाणारे डेक्सामेथासोन हे अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलसारखे कृत्रिम संप्रेरक आहे. ते पेशीपटलातून सहज आत शिरते, पेशीद्रव्यातील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी केंद्रकात जाऊन अनेक जनुकांचे काम वाढवते किंवा रोखते. त्यानंतर तंतुकणिकांमधून ‘स्मॅक’ नावाचे प्रथिन बाहेर पडते, आणि आजवर निष्क्रिय असलेली कॅस्पेज-९ व पुढे कॅस्पेज-३ ही विकरे जागी होऊन पेशीतील प्रथिने तोडू लागतात. पेशी मरते ती या विकरांमुळे; संप्रेरक त्यांना स्पर्शही करत नाही. मला या साऱ्या साखळीतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१ मात्र नेमके उलटे करतो. त्याचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि तो स्वतःच एक विकर आहे. संप्रेरक जोडले गेले की तो प्रथिनांवर फॉस्फेट चढवू लागतो, पुढे एकेटी हे विकर सक्रिय होते आणि पेशी जगण्याच्या मार्गाला लागते. फॉस्फेट चढवून-उतरवून प्रथिनांचे नियमन होते, या शोधासाठी फिशर आणि क्रेब्ज यांना 1992 चे नोबेल मिळाले. अस्थिमज्जेतील इंटरल्यूकिन-6 हे संप्रेरक नव्हे, सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेले प्रथिन आहे; पण तेही डेक्सामेथासोनचा प्रभाव बोथट करते, म्हणून औषधाचा परिणाम अजमावताना पेशीभोवतीचे वातावरण विसरून चालत नाही.

एकाच मूळ पेशीवंशापासून मिळवलेल्या दोन शाखा अभ्यासात वापरल्या जातात: एमएम१एस डेक्सामेथासोनला बळी पडते, एमएम१आर पडत नाही, कारण तिच्यात कार्यक्षम ग्राही जवळजवळ उरलेलाच नसतो. कॅस्पेज तिथेही असतात, परंतु संप्रेरकाचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा पेशींसाठी प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतील नको असलेली प्रथिने मोडणारी यंत्रणा, रोखणारी बोर्टेझोमिबसारखी औषधे वेगळ्या वाटेने कॅस्पेजांपर्यंत पोहोचतात.