तुम्ही विचारलंत म्हणून : शेवट ठाऊक असलेला हेरपट मी पुन्हा पुन्हा का पाहतो

‘शेवटी तो वाचणारच ना? मग एवढा जीव मुठीत धरून तुम्ही पाहता तरी काय?’ हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते. विचारणाऱ्यांचा रोख असतो तो क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मिशन इम्पॉसिबल : फॉलआउट’ या 2018 सालच्या चित्रपटावर, कारण हेरपटांचा विषय निघाला की मी हटकून त्याचेच नाव घेतो. 1996 पासून चालत आलेल्या मालिकेतील हा सहावा भाग आहे. त्याने जगभरात सुमारे 79 कोटी डॉलरचा गल्ला जमवला, तेव्हा एवढ्या लोकांना आवडलेला चित्रपट तुम्हालाही आवडला यात विशेष ते काय, असेही काही जण म्हणतात. मात्र एवढ्या लोकांना तो का आवडला, हे गल्ल्याच्या आकड्यातून कळत नाही, आणि मला बोलायचे आहे ते त्याविषयीच.

नायक वाचणार हे मलाही ठाऊक असते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट पाठ असतो, तरी बुवा उत्तररंगात शिरले की तो सावरून बसतो, कारण त्याला आता शेवटापेक्षा तिथवर पोहोचण्याची ओढ लागलेली असते. मालिकेच्या सहाव्या भागाला तर या ओढीवाचून दुसरा आधारच उरत नाही. अशा वेळी बहुतेक निर्माते धोका फुगवत नेतात : मागच्या भागात एक शहर संकटात असेल तर या भागात तीन, आणि पुढच्या भागात सारी पृथ्वी. ‘फॉलआउट’मध्येही जगावरचे संकट आहेच, पण मॅक्वारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीव ओतला आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. इथे नायक ईथन हंट या हेराला (टॉम क्रूझ) आपल्या प्रत्येक सुटकेची किंमत अंगाने आणि मनाने मोजावी लागते, आणि ती मोजताना तो आपल्याला दिसतो. माझ्या दृष्टीने या चित्रपटाचे सारे आकर्षण यात आहे.

कथेची सुरुवातच एका तोट्याच्या व्यवहाराने होते. बर्लिनमध्ये प्लुटोनियमचे तीन गोळे विकत घेण्यासाठी ईथन आणि त्याचे दोन सहकारी, ल्यूथर व बेंजी, गेलेले असताना ल्यूथर शत्रूच्या हाती सापडतो. प्लुटोनियम की मित्र, अशी निवड करण्यासाठी ईथनला काही क्षणच मिळतात. तो मित्राला वाचवतो आणि प्लुटोनियम हातचे जाते. पुढे पॅरिस, लंडन आणि काश्मीर असा जो प्रवास घडतो, तो या एका निवडीचे कर्ज फेडण्यासाठी आहे. त्याचे वरिष्ठ त्याला या निवडीबद्दल बोल लावतात, सीआयए त्याच्यावर नजर ठेवायला वॉकर नावाचा धिप्पाड माणूस सोबत देते, आणि कैदेत असलेला जुना शत्रू सॉलोमन लेन तर त्याला तोंडावर सांगतो की तुझ्या चांगल्या हेतूंची फळे आता तुलाच भोगावी लागतील. एका माणसाला वाचवण्यासाठी लाखोंचा जीव धोक्यात घालणारा हेर हा नालायक हेर म्हटला पाहिजे, आणि चित्रपटातील शहाणी माणसे तसे म्हणतातही. तरीही आपण त्याच्या बाजूने उभे राहतो. असे का होते, याचा निकाल चित्रपट भाषणातून लावत नाही. तो ईथनला पुन्हा पुन्हा त्याच पेचात टाकतो.

त्यातला पॅरिसचा पेच मी अनेकांना आग्रहाने दाखवला आहे. प्लुटोनियमच्या बदल्यात लेनला पोलिसांच्या ताफ्यातून पळवून न्यायचे असते आणि ज्यांच्याशी सौदा झालेला आहे त्यांची योजना अशी असते की वाटेत येईल त्या पोलिसाला ठार मारायचे. ही योजना ऐकता ऐकता ईथनच्या डोळ्यांसमोर तो हल्ला उभा राहतो. आपल्यालाही तो दिसतो : भोवतालचे आवाज मंदावतात, संगीत वर येते आणि एकामागून एक पोलीस कोसळतात. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा तो योजना धाब्यावर बसवून कैद्याची गाडी थेट सीन नदीत ढकलतो. रक्तपात टळला असे वाटते न वाटते तोच, एका तरुण महिला पोलिसाशी त्यांची अचानक गाठ पडते. ती नवखी आहे, घाबरलेली आहे आणि एकटी आहे. ईथन तिला फ्रेंचमध्ये निघून जाण्याची विनवणी करतो. तेवढ्यात सौद्यातील माणसे येऊन तिच्यावर गोळी झाडतात. ती माणसे हातची गेली तर प्लुटोनियमचा माग हातचा जाईल, हे ठाऊक असूनही ईथन त्या सर्वांना ठार करतो, जखमी मुलीजवळ वाकतो आणि तिची क्षमा मागतो. हे दृश्य कापून टाकले असते तर कथेचे काही बिघडले नसते, आणि पाठलागाचा वेग उलट वाढलाच असता. तरीही ते ठेवले गेले, यातून मला या चित्रपटकर्त्यांची नियत कळते. पडद्यावर सहज चिरडल्या जाणाऱ्या अनोळखी माणसांपैकी एकीला इथे चेहरा मिळाला आहे.

आता अंगाने मोजलेल्या किमतीविषयी. लंडनच्या छपरांवरून ईथन धावतो, तेव्हा तो एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर झेप घेतो, समोरच्या कठड्यावर आदळतो, वर चढतो आणि लंगडत पुढे जातो. ऑगस्ट 2017 मध्ये या झेपेचे चित्रीकरण करताना टॉम क्रूझ यांचा घोटा मोडला. त्यांचे वय तेव्हा 55 होते. भिंतीवर आदळायचे हे आधीपासून ठरलेलेच होते. पाऊल मात्र चुकीच्या कोनात आपटले. पाय मोडल्याचे कळूनही ते उठले आणि कॅमेऱ्यापुढून खुरडत पलीकडे गेले, कारण तसे केले नसते तर घेतलेले चित्रण वाया गेले असते. चित्रीकरण सुमारे दोन महिने थांबले आणि तेच चित्रण चित्रपटात वापरले गेले. अपघाताचे भांडवल करणे मला रुचत नाही आणि नटाने हाडे मोडून घेतली म्हणून चित्रपट थोर ठरतो, असेही मी म्हणणार नाही. पण तो लंगडण्याचा क्षण पाहताना माझे अंग आक्रसते, आणि संगणकावर रचलेल्या कितीतरी उंच उड्या पाहताना ते तसे आक्रसत नाही, ही गोष्ट खरी आहे. डोळ्याला वजन कळते. पडणाऱ्या शरीराला किती वेळ लागतो, आदळल्यावर श्वास कसा तुटतो, याचे ज्ञान आपल्याला लहानपणी गुडघे फुटल्यापासून असते आणि ते फसवणे फार कठीण असते.

पॅरिसवर विमानातून घेतलेल्या उडीचेही तसेच आहे. तिचे चित्रीकरण संयुक्त अरब अमिरातीत झाले, सुमारे 25,000 फुटांवरून, प्राणवायूचा मुखवटा लावून. प्रकाश सूर्यास्तानंतरचा हवा होता आणि तो दिवसाकाठी जेमतेम तीन मिनिटे मिळत असे, त्यामुळे एका दिवशी एकदाच प्रयत्न करता येई. सराव धरून शंभरांहून अधिक उड्या झाल्या. क्रेग ओब्रायन हे छायाचित्रकार शिरस्त्राणावर कॅमेरा लावून क्रूझ यांच्याबरोबर उडी घेत आणि पडता पडता दोघांना ठरलेल्या अंतरावर यावे लागे, नाहीतर चेहरा धूसर येई. नटाचा चेहरा दिसावा म्हणून शिरस्त्राणही खास तयार करून त्याच्या आत दिवे बसवले होते. खालचे पॅरिस, ढग आणि विजा नंतर संगणकावर मिसळल्या आहेत. त्यामुळे ‘सगळे खरे आहे’ हा प्रचार मला मान्य नाही. खरे काय ठेवायचे आणि खोटे काय मिसळायचे याची जाण मात्र इथे पक्की आहे : माणूस खरा, आकाश रंगवलेले.

त्या उडीनंतर येते स्वच्छतागृहातील मारामारी, आणि आकर्षण म्हणजे काय असे मला विचारले तर मी त्या काही मिनिटांकडे बोट दाखवेन. पांढरीशुभ्र फरशी, आरसे, बाहेर जलशाचा गलका. ईथन आणि वॉकर एका माणसाला बेशुद्ध करून त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा बनवणार असतात. तो माणूस म्हणजे लियांग यांग हे नट, आणि ते या दोघांनाही पुरून उरतात. आरसे फुटतात, नळ उखडले जातात, वॉकर झालेले हेन्री कॅव्हिल कोट काढून दोन्ही बाहू असे झटकतात की जणू बंदुकीत काडतुसे भरली, आणि तरी लगेच मार खातात. या साऱ्याला पार्श्वसंगीत नाही. ज्या मालिकेची लालो शिफ्रिन यांनी बांधलेली पाच मात्रांची धून जगाला तोंडपाठ आहे, त्या मालिकेत संगीत गप्प ठेवायला धैर्य लागते. ऐकू येतात ते फक्त ठोसे, बूट, फुटणारी काच आणि धापा. अखेर मागच्या भागातली हेर इल्सा येऊन त्या माणसाच्या तोंडावरच गोळी झाडते आणि तो चेहराच गेल्यामुळे मुखवट्याची योजना कोसळते. ईथनला आता स्वतःच्या उघड्या चेहऱ्याने, दुसऱ्याचे नाव सांगत पुढे जावे लागते. विजयाच्या पोटी नवी अडचण, ही रीत चित्रपटभर पाळली आहे आणि 147 मिनिटे आपण खुर्चीच्या कडेवर बसून राहतो ते तिच्यामुळे.

पुढचा भाग असण्याचा फायदाही इथे नीट वापरला आहे. एका दिग्दर्शकाने लागोपाठ दुसरा भाग करण्याची या मालिकेतील ही पहिलीच वेळ, आणि जुना खलनायक परत येण्याचीही. 2006 च्या भागात ईथनने जिच्याशी लग्न केले होते ती ज्युलिया इथे पुन्हा भेटते. ल्यूथर इल्साला तिची हकीकत सांगतो तो प्रसंग साधा, दोन माणसांच्या बोलण्याचा आहे. ईथन सतत जगाला वाचवायला धावतो आणि प्रत्येक संकटाच्या वेळी ‘ईथन तिच्याजवळ राहिला तर जगाला वाचवणार कोण’ हा विचार दोघांनाही खात राहतो, म्हणून ते लग्न टिकले नाही, एवढेच त्यातून कळते. बारा वर्षे जुन्या पात्राच्या आठवणीने आलेली ही कळ एकट्या चित्रपटाला साधली नसती.

काश्मीरविषयी मला नेहमी विचारतात, आणि तिथे माझी तक्रार आहे. कथेत अणुबॉम्बने सियाचिन हिमनदीचे पाणी विषारी करून भारत, पाकिस्तान आणि चीन यांच्या अफाट लोकसंख्येला उपाशी मारण्याचा कट आहे, परंतु पडद्यावर दिसते ते न्यूझीलंडचे दक्षिण बेट आणि शेवटच्या मारामारीसाठी नॉर्वेमधील 604 मीटर उंचीचा प्रसिद्ध कडा. भारतात प्रदर्शित होताना काश्मीरसंबंधीचे काही उल्लेख सेन्सॉर मंडळाने बदलायला लावले, हा वेगळा विषय. माझा आक्षेप असा की तिथली माणसे कथेत नाहीतच; आहेत ते साथीच्या छावणीतले परदेशी डॉक्टर आणि मागे ये-जा करणारी गर्दी. 2011 च्या भागाचा शेवट मुंबईत घडतो आणि तिथेही मुंबईकराला आपले शहर ओळखू येत नाही. पॅरिसमधल्या एका पोलीस मुलीला चेहरा देणाऱ्यांकडून मी इथे अधिक अपेक्षा करतो. हेलिकॉप्टरचा पाठलाग मात्र डोळ्यांचे पारणे फेडतो. क्रूझ त्यासाठी हेलिकॉप्टर चालवायला शिकले आणि घिरट्या घेत खाली कोसळण्याची करामत त्यांनी स्वतः केली. त्याच वेळी एका घरात इल्सा आणि बेंजी लेनशी झुंजत असतात आणि तिसरीकडे ल्यूथरच्या मदतीला ज्युलिया बॉम्बच्या तारा सांभाळत असते. तिन्ही ठिकाणची कामे एकाच क्षणी पुरी झाली पाहिजेत, हा नियम आपल्याला आधीच समजावून दिलेला असल्यामुळे संकलक एडी हॅमिल्टन यांना काहीही समजावत बसावे लागत नाही. शिवाय, निम्म्याहून अधिक काम इतरांच्या हातांनी होते. ज्या मित्राला वाचवल्याबद्दल बर्लिनपासून बोल लागत होता, त्याच मित्राचे हात शेवटी बॉम्बवर असतात.

पाहायचा कसा, असे पुढे कुणी विचारलेच तर माझे सांगणे असे : आधी 2015 चा पाचवा भाग पाहावा, म्हणजे लेन आणि इल्सा यांची ओळख होईल. ज्युलियासाठी 2006 चा पाहिला तर उत्तमच, पण त्यावाचून अडणार नाही. आणि फोनवर तर मुळीच पाहू नये; घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून, आवाज मोठा ठेवून पाहावा. स्वच्छतागृहातील त्या धापा लहान स्पीकरवर ऐकूच येत नाहीत.