पाणचट रस्सा आणि वकिलाची नोटीस

रविवार, रात्र

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. पुतण्याला वकिलाची नोटीस आलीय. मागच्या महिन्यात मित्रांबरोबर इथल्याच एका हॉटेलात जेवला आणि गुगलवर लिहून मोकळा झाला: ‘रस्सा पाणचट, भाकरी वातड, मटण कालचं. परत पाय ठेवणार नाही.’ मालक म्हणतो, पंधरा दिवसांत मजकूर काढा, लेखी माफी मागा, पाच लाख भरा. नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा.

पाच लाख! नुकता नोकरीला लागलेला पोरगा तो. माझा संताप झाला. गिऱ्हाइकाला गप्प बसवायचा हा धंदा झाला.

आपल्या सोलापुरात जेवणावर तोंडावर बोलायची रीतच आहे. शेंगाचटणी नीट कुटलेली नाही, कडक भाकरी मऊ पडली, की लोक ताटावरूनच सांगतात. मालकही गल्ल्यावरून उठून यायचा, दुसरी वाटी ठेवायचा, विषय संपायचा. पुतण्यानं तिथं अवाक्षर काढलं नाही, आणि मालकानं त्याला एक फोनही केला नाही.

आमच्या वकील मित्राला विचारलं. नोटीस म्हणजे खटला नव्हे, घाबरू नका, म्हणाला. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. पोलीस यात थेट गुन्हा नोंदवत नाहीत, मालकाला मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागेल. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला मजकूर छापल्यापासून एक वर्षाची मुदत. रस्सा पाणचट, हे ज्याच्या-त्याच्या जिभेचं मत. ‘मटण कालचं’ हा मात्र आरोप, तो सिद्ध करावा लागेल.

हे मला पटलं. पुतण्या म्हणतो, ‘चवीवरून कळतं की काका.’ कोर्टात चव कशी दाखवणार? शिळं वाटलं होतं तर त्याच दिवशी बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं. त्या हॉटेलातल्या पोरांचंही पोट त्या चुलीवर आहे.

वहिनींचं म्हणणं, सगळं पुसून टाका, माफी मागा, कटकट नको. मी नाही म्हणालो. ‘मटण कालचं’ हे दोन शब्द काढायचे, उत्तर वकिलामार्फत द्यायचं. रश्शाबद्दल माफी मागायची नाही, पैसा द्यायचा नाही. उद्या पुतण्या बिल शोधणार आहे. फोनवरून पैसे दिलेत, तेव्हा नोंद सापडेल.