तुम्ही विचारलंत म्हणून: आज्जी मराठी की कोकणी?

हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, ऑफिसात, एकदा तर मयताला गेलो होतो तिथंही विचारलाय. गोव्यातल्या वाळपईकडची भावंडं विचारतात तेव्हा उत्तर त्यांच्याकडं तयारच असतं: ती आमची, कोकणी. ऑफिसातले कानडी सहकारी म्हणतात, तुमच्या अज्जी किती छान कन्नड बोलायच्या. आणि पुण्याकडचे पाहुणे म्हणतात, म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचेच की, मग सीमाप्रश्नाचं तुम्हाला एवढं काय?

हे शेवटचं झोंबतं. माझे आजोबा खानापूर तालुक्यातले, बेळगावच्या वडगावात मागावर कामाला. मी वडगावातच वाढलो. घरात मराठी, शाळा मराठी. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून चालणाऱ्यांत मी होतो. १९५६ पासूनचं रामायण तुम्हाला पाठ आहे, ते परत सांगत नाही.

आज्जीचं सांगतो. ती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. १९४९ साली लग्न होऊन चोर्ल्याचा घाट पायी चढून कणकुंबीला आली आणि तिथून वडगावात. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, म्हणजे माहेर परदेशात. तरी सुरुवातीला येणं-जाणं होतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि हद्द बंद पडली. हद्दीवरच्या कॅसलरॉक स्टेशनाच्या पुढं गाडी जाईना. १९५७ च्या पावसाळ्यात तिची आई गेली. निरोप घेऊन माणूस रानवाटेनं आला तेव्हा दिवसकार्य होऊन महिना लोटला होता. आज्जीनं विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि परत येऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. हे आत्याकडून ऐकलेलं. आज्जी स्वतः यावर कधी बोलली नाही.

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली ती माहेरी जाऊन आली. येताना आईची आदोळी घेऊन आली. आम्ही तिला विळी म्हणायचो, ती आदोळीच म्हणायची. बसायची फळी मधोमध खोलगट झालेली, एका कडेला भेग आणि त्या भेगेत कायम खोबऱ्याचा कीस अडकलेला. आज्जी केरसुणीची काडी घेऊन तो रोज काढायची. दोन वर्षांनी आजोबा गेले. चार पोरं तिनं कांड्या भरून आणि लोकांच्या घरी नारळ खवून देऊन वाढवली. संध्याकाळचा हरिपाठ एक दिवस चुकला नाही. हरिपाठ मराठीत, रविवार पेठेत घासाघीस कानडीत, आणि कोंबड्यांशी, मांजराशी, माझ्याशी कोकणीत. मला ती ‘पुता’ म्हणायची. नातवंडांत फक्त मला.

आता जे सांगायचं आहे ते.

फेब्रुवारी २००१. जनगणना. मी बावीस वर्षांचा. फॉर्म घेऊन आले ते प्राथमिक शाळेतले मास्तर, कानडी, स्वभावानं गरीब. आज्जी दारात आदोळीवर बसून नारळ खवत होती. नाव, वय, शिक्षण झालं आणि मातृभाषेचा रकाना आला. मास्तरांनी नियमानं विचारलं, ‘अज्जी, निम्म तायी याव भाषे माताडतिद्रु?’ मग मला कळावं म्हणून मराठीत: ‘लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती सांगा.’ जनगणनेत मातृभाषेची व्याख्या तशीच आहे.

आज्जीचा हात थांबला. म्हणाली, ‘कोकणी. म्हजी आवय कोंकणी उलयताली.’

मी म्हणालो, ‘सर, मराठी लिहा.’

मास्तर म्हणाले, त्या कोकणी म्हणतायत. मी म्हणालो, तिला कळत नाही, ती देवाचं सगळं मराठीत म्हणते, घरात मराठी आहे, कोकणी ही मराठीचीच बोली. १९९२ साली कोकणी स्वतंत्र भाषा म्हणून घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेलेली मला ठाऊक होती. तरी म्हणालो. मास्तर पेन धरून आज्जीकडं बघत राहिले. आज्जी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. एखादं पोर गर्दीत हात सोडून पळतं तेव्हा आपण बघतो तसं. मग मास्तरांना म्हणाली, ‘तो म्हणटा तशें बरयात.’ तो म्हणतो तसं लिहा. आणि पुन्हा खवायला लागली.

मी चुकलो, असं सरळ म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. इथं एकेक डोकं मोजलं जातं. एखाद्या भागात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के असतील तर सरकारी कागद त्या भाषेत मिळावेत, हा नियम. आमच्या जमिनीच्या उताऱ्यावरची कानडी अक्षरं माझ्या वडलांना शेवटपर्यंत वाचता आली नाहीत. कोर्टात, आयोगापुढं, सगळीकडं आकडेच विचारतात. त्या बावीस वर्षांच्या पोराला वाटलं की आपल्या घरातून एक आकडा कमी जाऊ नये. त्याला आज जाऊन काय सांगू? की ती तुझी आज्जी होती, आकडा नव्हती? तो म्हणेल, मग बाकीच्या घरांतल्या आज्ज्या काय होत्या? आणि मला उत्तर सुचत नाही.

पण मास्तरांनी मराठी की कोकणी असं विचारलंच नव्हतं. तिची आई काय बोलायची ते विचारलं होतं. ज्या आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, तिच्याबद्दल सरकारनं विचारलं, आणि तिच्या फळीवर बसून आज्जीनं उत्तर दिलं. ते मी खोडलं. हे मला त्या दिवशी कळलं नाही. रात्री जेवताना मी हे मित्राला कौतुकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली. स्वच्छ मराठीत. ‘बाळ, चहा झालाय.’ पुढची आठ वर्षं. २००९ साली ती गेली, म्हणजे २०११ च्या जनगणनेत ती नव्हती. तिची शेवटची नोंद मी सांगितलेली.

आई म्हणते, हा सगळा तुझा भास. कोंबड्या विकल्या, मांजर मेलं, घरात कोकणी कळणारं कुणी उरलं नाही, म्हातारपणी माणूस ज्याचं त्याच्याशी जुळवून घेतं. असेलही. आत्या म्हणते, तिच्याशी मात्र ती शेवटपर्यंत कोकणीतच बोलायची.

तर तुम्ही विचारलंत म्हणून. वाळपईच्या भावंडांनो, ती तुमची होती. ती आमचीही होती, आणि पुण्याच्या पाहुण्यांनो, ती गोव्याची होती म्हणून माझा या मातीवरचा हक्क कमी होत नाही. दोन्ही मी तितक्याच जोरानं म्हणतो, आणि दोन्ही म्हणताना ते दार डोळ्यापुढं येतं.

आता पुढची जनगणना २०२७ ला. मागच्या महिन्यात मी आईला विचारलं, शेवटी शेवटी आज्जीनं मला पुता म्हणून हाक मारली होती का, मी कामावर असताना तरी? आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘शेवटी ती कुणालाच हाक मारत नव्हती रे.’