मैदानावरची मीटिंग

रात्री दहानंतर आमच्या मैदानात बाटल्या फुटतात, बाइकचे सायलेन्सर कानठळ्या बसवतात. आज बीटचे हवालदार चौकात खुर्ची टाकून बसले. आम्ही तक्रारींची जंत्री वाचली. त्यांनी एवढंच विचारलं, “११२ला फोन कितीजणांनी केला?” सगळे चिडीचूप. (मीही. नाव कळेल ही भीती.)

मग कोपऱ्यातल्या आजी बोलल्या, “त्यातला एक माझा नातू. त्याला मी बघते, तुम्ही मैदानातले दिवे लावा.”

आमचे बाबा मूळचे भिवंडीचे, १९८४ची दंगल पाहिलेले. पोलीस अधिकारी सुरेश खोपडेंच्या मोहल्ला कमिट्यांमुळे (पोलीस आणि रहिवासी एकत्र बसायचे त्या) १९९२च्या डिसेंबरात, बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली तरी, भिवंडी शांत राहिली, हे ते अजून ऐकवतात. मला वाटायचं, वाढवून सांगतात.

उद्या अकराला दिव्यांचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला जातोय. कोण येतंय?