आमची वाटचाल : पाणी किती अंश?

सुरुवातीला आमचं काम सोपं होतं. गिऱ्हाईक रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरमधली हवा डायव्हरच्या तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राचं, मॉडेल सांगायचं, आम्ही खोका काढून द्यायचो. थंड पाण्यात उतरणारे डायव्हर येऊ लागले, तसं काउंटरशेजारी सर्व्हिसचं टेबल आलं आणि ‘कोणतं मॉडेल?’च्या आधी ‘पाणी किती अंश?’ हा प्रश्न आला.

या रेग्युलेटरसाठीच्या ईएन 250 या युरोपीय मानकात 10 अंश सेल्सियसखालचं पाणी थंड धरतात. रेग्युलेटरवर ‘10 अंशांहून अधिक’ अशी खूण असेल तर तो थंड पाण्यासाठी नाही, विषय संपला. खूण नसली की मात्र खरी निवड सुरू होते.

सिलिंडरमधली 200 बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या भागात, उतरून भोवतालच्या दाबाच्या वर साधारण 9-10 बारवर येते. प्रसरण पावताना ती इतकी गार पडते, की फर्स्ट स्टेजचं धातूचं अंगच शून्याखाली जातं. उघड्या पिस्टनच्या रचनेत मुख्य स्प्रिंगभोवती पाणी खेळतं. ते गोठलं की पिस्टन पुरता बसत नाही, दोन स्टेजमधल्या नळीतला दाब, म्हणजे मधला दाब, चढत जातो आणि तोंडात धरायची सेकंड स्टेज न थांबता हवा सोडू लागते. हाच फ्री फ्लो. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. गोड्या पाण्यात धोका जास्त, कारण समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशांच्या आसपास गोठतं, गोडं शून्यालाच.

म्हणून पिस्टनऐवजी बाहेरून सील केलेला डायफ्रॅम (लवचीक पडदा) असलेली फर्स्ट स्टेज हीच आमची पहिली शिफारस. त्यात पाणी स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. सेकंड स्टेजमध्ये गोठते ती श्वासातली वाफ, लिव्हरभोवती. तिथे धातूचं अंग उपयोगी: ते भोवतालच्या पाण्याची ऊब आत घेतं. हो, 4 अंशांचं पाणीसुद्धा उणे तापमानाच्या हवेपुढे ऊबदारच! निव्वळ प्लॅस्टिकचं हलकं अंग प्रवासाला छान, इथे नको. सिलिंडरशी जोडणी शक्यतो डिन, म्हणजे आट्यांनी फिरवून बसणारी. आणि सिलिंडरला दोन स्वतंत्र वॉल्व्ह असतील तर दोन फर्स्ट स्टेज घ्या. एक गोठली की तिचा वॉल्व्ह बंद करून दुसरीवर जाता येतं.

‘हलकासा श्वास ओढला की हवा मिळायला हवी’ असा आग्रह पुष्कळजण धरतात. पण थंड पाण्यासाठी सेकंड स्टेज आम्ही जरा जडच लावतो आणि मधला दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला ठेवतो. गेज लावून पाच मिनिटं काटा बघायचा. तो हळूहळू वर सरकत असेल तर सीट, म्हणजे फर्स्ट स्टेजमध्ये हवा अडवणारी बैठक, गेली. असा रेग्युलेटर थंडीत निभावणार नाही.

वापरणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. काठावर, उघड्या थंड हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊ नका, हवा सोडून बघायचं पर्ज बटण दाबू नका. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) किंवा बीसीडीत (तरंगण्यासाठीच्या जॅकेटात) हवा थोडी थोडी भरा आणि त्याच क्षणी श्वास ओढू नका. दोन्हींचा ओढा एकदम पडला की फर्स्ट स्टेज झपाट्याने गार होते.

सर्व्हिसला आलेल्या नगाचा इनलेट फिल्टर, म्हणजे हवा आत येते तिथली जाळी, आम्ही आधी बघतो. त्यावर हिरवट डाग म्हणजे पाणी आत गेलंय. बहुतेकदा दोष फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या ओल्या झाकणाचा: डाइव्हनंतर झाकण न पुसता तसंच बसवलेलं. तो थेंब पुढच्या वेळी हवेबरोबर आत जातो आणि सीटजवळच गोठतो. तिथे बाहेरचं सील काय करणार?