पाचवी तार आणि तिला गप्प ठेवणारा अंगठा

पाच तारांच्या बेस गिटारचा विषय निघाला की बोलणं थेट खर्जावर जातं. चार तारांच्या बेसवर तारा खालून वर ई, ए, डी, जी; सगळ्यात खालचा सूर ई. ती मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हलते. पाचवी, म्हणजे बीची तार, जेमतेम ३१ वेळा. ईच्या खाली नवे सूर मिळाले पाच: डी शार्प, डी, सी शार्प, सी आणि बी. एवढ्या जाडजूड तारेच्या मानाने ही मिळकत बेताचीच. पण या तारेचा खरा फायदा आधी हाताला कळतो, कानाला नंतर.

स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. ३४ इंची स्केलवर पहिला फ्रेट (नेकवरची, म्हणजे दांडीवरची, धातूची आडवी कांब) नटापासून, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात तिथून, सुमारे ४८ मिलिमीटर दूर असतो. चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधलं अंतर मात्र ३८-३९. नटाजवळ 'चार बोटांना चार फ्रेट' ही शिस्त पाळायला गेलं की मनगट कुरकुरतं. पाच तारांवर तोच खालचा ई बीच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, एफ सहाव्यावर, जी आठव्यावर. हात नेकच्या मध्यावर सैल बसतो, मोकळी तार लागत नाही, आणि तिथूनच तारा ओलांडत जागा फारशी न सोडता जवळजवळ दोन सप्तकं वर जाता येतं.

भावगीत-अभंगाच्या साथीला बसणाऱ्याला तर याची किंमत लगेच कळावी. समजा, गायिकेची पट्टी काळी चार आहे. सा आला जी शार्पवर, म्हणजे ईच्या तारेवर चौथा फ्रेट. सा-पंचमाची साधी ये-जा करायची, तर त्याखालचा पंचम डी शार्प. तो चार तारांवर नाहीच. मग वरचा पंचम घेऊन वेळ मारून न्यायची. पाच तारांवर तो बीच्या चौथ्या फ्रेटवर, साच्या अगदी शेजारच्या तारेवर, त्याच फ्रेटात बसलेला असतो. पट्टी काळी दोन झाली तर तीच जागा खर्जातल्या साची. ऐन कार्यक्रमात 'आज अर्धी पट्टी खाली घेऊ' असं कुणी म्हटलं, तरी मोकळ्या तारांवर भिस्त नसल्याने सगळी आकृती एका फ्रेटने सरकवली की झालं.

लिओ फेंडर यांचा १९५१चा प्रिसिजन बेस चार तारांचा होता. त्याच कंपनीने १९६५मध्ये पाच तारांचा बेस काढला, पण त्यात जादा तार वरच्या सीची होती आणि फ्रेट फक्त १५. तो काही चालला नाही. खालच्या बीचे बेस सत्तरच्या दशकात वादकांनी मागणी करून बनवून घेतले. ऐंशीच्या दशकात कीबोर्डवरचा सिंथ (इलेक्ट्रॉनिक) बेस ईच्या खाली सर्रास उतरू लागला आणि बेसवाल्यांना गप्प बसणं परवडेना. १९८७मध्ये म्युझिक मॅन कंपनीचा पाच तारांचा स्टिंगरे फाइव्ह आला.

विकत घेताना वरच्या चार तारांकडे बघूच नये. त्या हल्ली बऱ्या किमतीच्या कुठल्याही वाद्यावर ठीक वाजतात. परीक्षा बीची घ्यायची. अँप (अँप्लिफायर) बंद ठेवून आधी मोकळी ई वाजवा, मग बीचा पाचवा फ्रेट. सूर एकच. दोन्हींची धार, जोर आणि टिकाव सारखा वाटला तर वाद्य चांगलं. बी फेंगडी, धूसर, 'ढब्ब' अशी आली तर पुढे कितीही सेटिंग केलं तरी फार फरक पडत नाही. मात्र दुकानातल्या बेसवर तारा वर्ष-दीड वर्ष जुन्या असू शकतात. तशी शंका आली तर नव्या तारा चढवून ऐकवायला सांगावं. महागडी वस्तू घेताना एवढा हट्ट शोभतो.

बी ढिली का पडते, तर ताणामुळे. ३४ इंची स्केलवर १०५ जाडीच्या ईला सुमारे ४० पौंड ताण असतो, १३०च्या बीला ३५च्या आसपास. १३० म्हणजे इंचाचे १३० सहस्रांश. नुसती जाड तार लावून प्रश्न सुटत नाही, कारण जाडीबरोबर ताठरपणा वाढतो आणि वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले अंश) बेसूर व्हायला लागतात. दुसरा उपाय लांबी वाढवण्याचा: ३५ इंची स्केलवर त्याच तारेचा ताण साधारण ६ टक्क्यांनी वाढतो. लेकलंड कंपनीने हा मार्ग धरला. डिंगवॉल कंपनीच्या बेसवर फ्रेट पंख्यासारखे पसरलेले असतात. बी ३७ इंच, जी ३४. दिसायला विचित्र, हाताला दोन दिवसांत सवयीचं. पण स्केल ही काही गुरुकिल्ली नव्हे. नेकचा सांधा घट्ट असलेला ३४ इंची बेस पोकळ सांध्याच्या ३५ इंचीला सहज हरवतो.

तारांमधलं अंतर हा दुसरा मुद्दा. ब्रिजवर, म्हणजे नटाच्या विरुद्ध टोकाला तारा टेकतात तिथे, ते १६.५ ते १९ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. थंब-स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून) वाजवणाऱ्याला १९ हवं, गिटारवरून आलेल्याला किंवा लहान हाताला १६.५-१७ बरं. वजन साडेचार किलोच्या वर गेलं तर दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून येणारच. चार इंच रुंद पट्टा घ्या, आणि तो आखूड ठेवा. बेस गुडघ्यापर्यंत लोंबला की बीपर्यंत पोचायला डावं मनगट काटकोनात दुमडतं.

घरी आणल्यावर सेटिंग. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला तर सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेरा फिरवायचा, त्याहून जास्त नाही; मग तारा पुन्हा सुरात लावून मोजायचं. बाराव्या फ्रेटवर बीची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास, जीची दोनच्या आत. बीला थोडी जास्त जागा लागते, कारण तिचा झोका मोठा. कोकण-गोव्याकडे पावसाळा लागताना आणि संपताना हे सगळं एकदा तपासावं. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, नेक हलते. ट्यूनरला मोकळी बी बऱ्याचदा कळत नाही, काटा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजवला की तो शहाण्यासारखा थांबतो.

आता खरी मेहनत: तार न वाजवण्याची. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बी वाजवा, पाचवी तार आपणहून गुणगुणू लागते. डीच्या चौथ्या फ्रेटवर एफ शार्प वाजवला तरी तेच. एकट्याने वाजवताना हे भरदार वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळा खालचा भाग चिखल होतो. म्हणून उजवा अंगठा फिरता हवा. बी वाजवताना तो पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्टीवर). ई वाजवताना बीवर टेकलेला. एवर गेलात की अंगठा ईवर आणि त्याची कड बीला लागलेली. डी वाजवताना अंगठा तिथेच, आणि छेडणारं बोट सूर वाजवून एवर येऊन विसावतं, म्हणजे तीही बंद. जीला आलात की ए आणि डीची जबाबदारी करंगळी-अनामिकेची. वरच्या तारा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने आडव्या झाकायच्या.

सरावासाठी मेट्रोनोम ६०वर ठेवावा. एक सूर दोन मात्रा वाजवायचा, पुढच्या दोन मात्रा पूर्ण शांतता. त्या शांततेत काय काय ऐकू येतं ते नीट ऐका. पहिल्या आठवड्यात बरंच काही ऐकू येईल. नेककडे न बघता वाजवलेलं उत्तम, कारण सवयीने डोळा सगळ्यात वरच्या तारेला ई समजतो आणि सूर पाच अर्धस्वर खाली पडतो.

बीच्या खालच्या सुरांवर घाई चालत नाही, त्याला साधा हिशोब आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग सेकंदाचा आठवा हिस्सा टिकतो. तेवढ्यात ती तार जेमतेम चार वेळा हलते. कानाला सूर ओळखायला तेवढं पुरत नाही, नुसता ठोका ऐकू येतो. जलद जागा वरच्या सप्तकात घ्या, बी लांब सुरांसाठी ठेवा. तिच्यावर जोर काढू नये, तार फ्रेटवर आपटते. हलकं, ब्रिजकडे सरकून छेडा आणि आवाज अँपवर वाढवा. आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या अँपमधून ३१चं कंपन बाहेर येतच नाही. ६२, ९३ असे वरचे अंश ऐकून मेंदू खालचा सूर भरून काढतो. सभागृहातला साउंडवाला तर बहुधा ४०च्या खालचं कापूनच टाकतो, आणि बरोबरच करतो. तिथे किक ड्रमची गर्दी आधीच असते. बास (खालचे सूर) वाढवा म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा मिड (मधले सूर) थोडा उचलून मागावा.

तारा बदलताना एक काळजी. बी कापण्याआधी खुंटीच्या पुढे, जिथे कापायची तिथे, पक्कडने काटकोनात मोडून घ्या. नाही तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सरकतं आणि तार नवी असून मेलेली वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. १३०च्या जागी १३५ लावली तर नटाची खाच तपासा. तार खाचेत न बसता वर तरंगली, तर पहिल्या दोन-तीन फ्रेटचे सूर चढे लागतात. तार चढवून झाली की सॅडलच्या (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्याच्या) लगेच पुढे तारेला अंगठ्याने हलकेच दाबायचं, म्हणजे तिथली कमान जाते. उतरवलेली जुनी बी फेकू नये, बेसच्या पिशवीत ठेवावी. लहान गावात चार तारांचा सेट मिळून जातो; सुटी बी मागितली तर दुकानदार गिटारची सहावी तार काढून दाखवतो.